कर्नलमधलं लॉकिंग: गार्ड मॅक्रो काही महिने वापरल्यानंतर

माझ्याकडे एक जुना लिनक्स ड्रायव्हर सांभाळायला आहे. एक म्युटेक्स, दोन स्पिनलॉक (दोन्ही एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारे लॉक; म्युटेक्सची वाट बघणारा झोपतो, स्पिनलॉकची वाट बघणारा जागीच फिरत राहतो, म्हणून स्पिनलॉक धरून झोपायचं नसतं), आणि वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांनी वाढवलेले एरर पाथ, म्हणजे चूक झाल्यावर बाहेर पडायच्या वाटा. जवळपास प्रत्येक मोठ्या फंक्शनच्या तळाशी 'आउट_अनलॉक', 'एरर_फ्री', 'एरर_फ्री_अनलॉक' अशी लेबलांची उतरंड रचलेली. मध्ये एखादी साधी तपासणी घालायची म्हटलं तरी आधी खाली जाऊन बघायचं की इथून गोटू (लेबलावर थेट उडी) नेमकं कुठल्या लेबलला मारायचं. यातला बराचसा कोड गेल्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने गार्डवर, म्हणजे लॉक आपोआप सोडणाऱ्या मॅक्रोवर, आणला. गार्डला पाचपैकी चार गुण. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

ज्यांनी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२३ साली लिनक्स ६.५ मध्ये क्लीनअप.एच ही हेडर फाइल आली, पीटर झायलस्ट्रा यांनी आणलेली. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरमध्ये 'क्लीनअप' अ‍ॅट्रिब्यूट त्याच्या कितीतरी आधीपासून होतं: व्हेरिएबल स्कोपबाहेर (ज्या ब्लॉकमध्ये ते आहे त्याबाहेर) पडलं की ठरवून दिलेलं फंक्शन कंपायलर स्वतःच कॉल करतो. गार्ड त्याच्यावरच उभा आहे. 'गार्ड(म्युटेक्स)(&डेव्ह->लॉक);' एवढी एक ओळ लिहायची. तिथे लॉक घेतला जातो, आणि त्या ब्लॉकमधून कुठूनही बाहेर पडलात तरी सुटतो. फंक्शनचा तेवढाच तुकडा लॉकखाली हवा असेल तर स्कोप्ड_गार्ड. आरसीयूसाठी (लॉक न घेता डेटा वाचायची पद्धत), प्रीएम्प्शन (चालू काम मध्येच थांबवून सीपीयू दुसऱ्याला देणं) बंद ठेवण्यासाठी, डिव्हाइस लॉकसाठीही गार्ड तयार आहेत. आपला स्वतःचा प्रकार हवा असेल तर डिफाइन_गार्ड वापरून एका ओळीत करता येतो.

पहिला फायदा हातात पडला तो फर्मवेअर लोड करणाऱ्या फंक्शनमध्ये. म्युटेक्स घेतलाय, इमेजचा आकार तपासलाय, आकार चुकीचा असेल तर सरळ रिटर्न. अनलॉक नाहीच. बाकी सगळ्या एरर पाथना लेबल होतं, हीच एक अट नंतर कुणीतरी घुसडलेली. चुकीची इमेज सहसा कुणी देत नाही, म्हणून हे कित्येक दिवस खपून गेलं. पण एकदा दिली की पुढचा प्रत्येक आयओसीटीएल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला केलेला कॉल) त्या म्युटेक्सवर लटकणार, प्रोसेस 'डी' स्टेटमध्ये जाणार, किल करूनही मरणार नाही, आणि १२० सेकंदांनी हंग टास्कचा इशारा लॉगमध्ये येणार. त्या इशाऱ्यात सापडते ती अडकलेली बिचारी प्रोसेस. लॉक तसाच टाकून गेलेला केव्हाच रिटर्न झालेला असतो. गार्ड लावल्यावर बगची ही जातच संपली. फंक्शन जवळपास निम्मं झालं आणि वरून खाली एका दमात वाचता यायला लागलं.

दुसरा फायदा लोक फारसा सांगत नाहीत: आयआरक्यू-सेव्ह स्पिनलॉक, म्हणजे इंटरप्टची आधीची स्थिती जपून ते बंद करणारा लॉक. हाताने लिहिताना ती स्थिती ठेवायला 'फ्लॅग्ज' नावाचं व्हेरिएबल आपण ठेवतो. आत दुसरा लॉक घ्यायची वेळ आली की कुणीतरी तेच व्हेरिएबल पुन्हा वापरतं, बाहेरची जुनी स्थिती पुसली जाते, आणि इंटरप्ट चुकीच्या अवस्थेत परत येतात. असला बग शोधताना डोकं फिरतं. गार्ड फ्लॅग्ज स्वतःच्या पोटात ठेवतो, त्यामुळे ते व्हेरिएबल कोडमध्ये दिसतच नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी गार्ड घेतला असता.

वेगाचं म्हणाल तर सगळं इनलाइन आहे. ऑब्जेक्ट कोड उघडून बघितला, लक्षात घेण्यासारखा फरक नाही.

आता कापलेला गुण. अनलॉक डोळ्यांना दिसत नाही, ही गार्डची सोय आणि तीच त्याची अडचण. एका सहकाऱ्याचा पॅच (कोडमधला बदल) आला होता. स्पिनलॉक, लॉक असताना आकडेवारी एका स्थानिक स्ट्रक्टमध्ये कॉपी, अनलॉक, मग कॉपी_टू_यूजर (प्रोग्रॅमच्या मेमरीत डेटा कॉपी करणारं फंक्शन). त्याने पहिल्या ओळीत गार्ड टाकला आणि अनलॉक काढून टाकलं. डिफ बघायला सुंदर. पण आता स्पिनलॉक फंक्शनच्या शेवटपर्यंत धरलेला, आणि कॉपी_टू_यूजर पेज फॉल्ट घेऊन (मेमरीचं पान जागेवर नसलं की ते येईपर्यंत) झोपू शकतो. अ‍ॅटॉमिक स्लीपचं (मनाई असताना झोपण्याचं) डीबगिंग चालू असलेल्या कर्नलवर पहिल्याच चाचणीत 'इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट'ची बोंब झाली, म्हणून कळलं. इथे हवा होता स्कोप्ड_गार्ड, कॉपीच्या दोन ओळींपुरता. म्युटेक्स असता तर कुणी बोंबही मारली नसती. लॉक नुसताच जास्त वेळ धरला गेला असता आणि सहा महिन्यांनी कुणीतरी विचारलं असतं की लेटन्सी का वाढली.

स्कोप्ड_गार्डची स्वतःची एक खोड आहे. तो आतून फॉर लूप आहे. म्हणजे तुमच्या लूपमध्ये स्कोप्ड_गार्ड आणि त्याच्या आत 'ब्रेक' लिहिलात, तर तुमचा लूप तुटत नाही, फक्त गार्डचा ब्लॉक संपतो. 'कंटिन्यू'चंही तेच: पुढच्या फेरीला न जाता ब्लॉकच्या खालचा कोड चालू होतो. कंपायलर चकार शब्द काढत नाही. लूपमध्ये असेल तर मी आता साधी महिरपी कंसाची जोडी टाकून आत गार्ड लिहितो. ब्रेक नि कंटिन्यू मग नेहमीसारखे वागतात.

गोटू आणि गार्ड एकाच फंक्शनमध्ये नकोत, असं कर्नलचं डॉक्युमेंटेशनच सांगतं. नियम मनापासून पाळा. गार्डच्या ओळीवरून उडी मारून पलीकडे गेलात तर क्लँग एरर देतो, जीसीसी गप्प बसतो. स्विचमधल्या केसमध्ये कंस न टाकता गार्ड लिहिला तरी हाच प्रकार. दोन्ही कंपायलरने बिल्ड करत नसाल तर निदान या कामापुरतं करा.

आणखी एक जागा म्हणजे रिलीज करणारी फंक्शनं. लॉक ज्या ऑब्जेक्टच्या आत आहे तोच शेवटी केफ्री होतो, आणि गार्ड त्यानंतर जाऊन मोकळ्या झालेल्या मेमरीतला लॉक सोडतो. केएएसएएन हा कर्नलचा मेमरीच्या चुका शोधणारा तपासनीस हे लगेच पकडतो, पण तो चालू असेल तरच. अशी फंक्शनं मी हातानेच लिहिलेली ठेवली. लॉक धरूनच रिटर्न होणारी, किंवा मध्येच लॉक सोडून वाट बघून परत घेणारी फंक्शनंही तशीच. ओढूनताणून गार्ड बसवला की कोड आधीपेक्षा वाकडा होतो.

ट्रायलॉक (मिळाला तर घ्यायचा, नाहीतर न थांबता पुढे जायचं) आणि वाट बघताना सिग्नलने तुटणाऱ्या लॉकसाठी जो कंडिशनल प्रकार आहे, त्याचं रूप मला आवडलं नाही. मॅक्रोला 'रिटर्न' हेच आर्ग्युमेंट म्हणून द्यायचं म्हणजे काय! २०२५ मध्ये आलेला अ‍ॅक्वायर नावाचा प्रकार त्या मानाने सरळ आहे. लॉक घ्या, मग एरर तपासा, नेहमीच्या कोडसारखं.

नेटवर्किंगच्या मेंटेनरांचा सूर मुळातच सावध आहे. वीस ओळींपेक्षा मोठ्या फंक्शनमध्ये गार्ड टाळा, स्कोप्ड_गार्ड बरा, आणि साधं लॉक-अनलॉक अजूनही थोडं जास्त पसंत, असं त्यांच्या नियमांत लिहिलंय. आधी मला हे जुन्या वळणाचं वाटत होतं. स्पिनलॉकच्या त्या पॅचनंतर वीस ओळींचा आकडा पटायला लागला: लॉक कुठे सुटतो ते स्क्रीन न सरकवता दिसलं पाहिजे. फक्त माझ्या मते त्यावरचा उपाय जुन्या पद्धतीकडे जाणं नव्हे, फंक्शन फोडणं आहे. लॉकखालचं काम वेगळ्या छोट्या फंक्शनमध्ये काढायचं, त्याच्या सुरुवातीला लॉकडेप_असर्ट_हेल्ड (लॉक खरंच धरलाय ना, ते तपासणारी ओळ) टाकायचं, आणि बाहेरच्या फंक्शनमध्ये गार्ड आणि कॉल एवढंच ठेवायचं. माझ्या ड्रायव्हरमध्ये खरं सोपेपण आलं ते या फोडाफोडीने. तसं करताना लक्षात आलं की एक स्पिनलॉक ज्या दोन फील्डसाठी होता, ती दोन्ही प्रत्येक ठिकाणी म्युटेक्सखालीच बदलली आणि वाचली जात होती. तो स्पिनलॉक काढून टाकला. कुठला लॉक कशासाठी आहे हे स्ट्रक्टमध्ये कमेंट म्हणून कुणी लिहून ठेवलं असतं, तर तो इतकी वर्षं राहिलाच नसता. ती कमेंट आता आहे.

लॉकचा क्रम मात्र तुमच्याच डोक्यावर. एकीकडे अ मग ब, दुसरीकडे ब मग अ घेतलात तर दोघं एकमेकांची वाट बघत अडकतात, गार्ड काही वाचवत नाही. तिथे २००६ पासूनचा लॉकडेप, म्हणजे लॉकचा क्रम तपासणारं कर्नलचं साधनच कामाला येतं.

सरसकट रूपांतराचे पॅच पाठवण्याआधी स्टेबल शाखांचा (जुन्या आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवणाऱ्या) विचार करा. मूळ फंक्शन गार्डवर गेलं की पुढची प्रत्येक दुरुस्ती जुन्या शाखेवर नीट बसत नाही, आणि हाताने बसवताना अनलॉक गळण्याचा धोका पुन्हा दारात येतो. म्हणून फर्मवेअर फंक्शनची दुरुस्ती मी आधी एका ओळीच्या अनलॉकने केली, ती स्टेबलसाठी पाठवली, आणि गार्डचा पॅच त्याच्यावर वेगळा ठेवला. इंटरप्ट हँडलरमधला लॉक अजून जुन्याच पद्धतीने आहे. तिथे गोटू नाही, एरर पाथ नाही, लॉक आणि अनलॉकमध्ये चार ओळी आहेत. तो मी बदलणार नाही.