नोकरीच्या शोधासाठी वेगळा नंबर: काही महिने वापरल्यानंतर

मुलगी शाळेत जायला लागली आणि मी पुन्हा अकाउंट्समधली नोकरी शोधायचं ठरवलं. सीव्ही कुठेही पाठवण्याआधी एक स्वस्तातलं प्रीपेड सिम घेतलं आणि एक नवा ईमेल उघडला. दोन्ही फक्त नोकरीसाठी. गेल्या पावसाळ्यापासून ही व्यवस्था वापरतेय आणि शोधात असलेल्या प्रत्येकाला, विशेषतः बायकांना, ती करायला सांगेन.

कारण साधं आहे. मूळ नंबरला बँक, यूपीआय, आधार, डिजिलॉकर असं सगळंच जोडलेलं असतं. सीव्ही मात्र एकदा नोकरीच्या पोर्टलवर चढला की कन्सल्टन्सीकडे जातो, तिथून आणखी कुणाकडे, आणि कुणीतरी तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकतं. त्यावरचा नंबर मग परत घेता येत नाही.

सगळ्यात मोठा फायदा मला वापरायला लागल्यावरच कळला. सीव्हीवरच्या नंबरवर 'तुमचं केवायसी संपलंय' असा फोन आला, तर तो खोटा हे त्याच क्षणी ठरतं, कारण हा नंबर कुठल्याच बँकेला दिलेला नाही. विचार करावा लागत नाही, घाबरायला होत नाही. उलट मूळ नंबरवर कुणी नोकरीचं बोलू लागलं, तर त्याच्याकडे तो आला कुठून, हा पहिला प्रश्न. रात्री साडेदहाला 'मॅडम, फोटो पाठवा' म्हणणारे तथाकथित रिक्रूटरही सीव्हीवरच्या नंबरवरच येतात. ब्लॉक केलं की संपलं. घरच्यांच्या आणि शाळेच्या ग्रुपपर्यंत ते पोचत नाहीत.

सेटिंगचं थोडं सांगते. अँड्रॉइडवर एकाच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन खाती चालतात. नोकरीच्या नंबरच्या खात्यावर माझा फोटो नाही आणि ग्रुपमध्ये कोण टाकू शकतं, तिथे 'माझे कॉन्टॅक्ट्स' ठेवलंय. अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय मात्र इथे लावू नका. खऱ्या एचआरचे फोनही अनोळखी नंबरवरूनच येतात.

सीव्हीवर पूर्ण पत्ता, जन्मतारीख, फोटो, आधार, पॅन यातलं काहीच नाही. मुंबईत विचारतात ते 'वेस्टर्न की सेंट्रल, आणि जवळचं स्टेशन कुठलं'. 'भांडुप' एवढं लिहून भागतं.

सर्वाधिक मेसेज आले ते 'टास्क'चे: व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, घरबसल्या कमवा. लोकलच्या डब्यात पार्ट टाइम कामाची स्टिकरं चिकटवलेली असतात, तोच मजकूर आता फोनवर येतो. पद्धत ठरलेली. आधी शे-दोनशे रुपये खरंच देतात, मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये नेतात आणि पुढच्या टास्कसाठी आपल्याकडून पैसे भरून घेतात. सुरुवातीचे ते पैसे विश्वास विकत घेण्यासाठीच असतात. त्याहून वाईट प्रकार म्हणजे 'तुमच्या खात्यात रक्कम येईल, कमिशन ठेवून पुढे पाठवा'. हे चोरीचे पैसे फिरवणं आहे. त्यात आपलं खातं गोठतं आणि पोलिसांना उत्तरंही आपणच द्यायची. अकाउंट्समध्ये काम केलेल्यांना हे काम अगदी ओळखीचं वाटू शकतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एकदा मोठ्या कंपनीच्या नावाने ऑफर लेटर आलं. लोगो, सही, शिक्का, सगळं. लॅपटॉपसाठी 'परत मिळणारं' डिपॉझिट मागितलं होतं आणि मेल फुकटच्या ईमेल खात्यावरून आला होता. अशा वेळी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर कंपनी शोधा, असं सगळे सांगतात. मला तो सल्ला अपुरा वाटतो. कंपनी खरी आहे एवढंच तिथे कळतं. पत्र पाठवणारा तिचा माणूस आहे का, ते कळत नाही. त्यापेक्षा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर घेऊन फोन करावा. मी केला. अशी जागाच नव्हती.

कागदपत्रांच्या बाबतीत मी ठाम आहे. ऑफर हातात येऊन कंपनीची खात्री पटेपर्यंत काही द्यायचं नाही. नंतर पगारासाठी बँक खातं, टीडीएससाठी पॅन आणि पीएफसाठी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) लागतातच, ते मागणं रास्त आहे. आधारची गरज ओळखीपुरती असेल, तर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून द्यावं. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. प्रत्येक प्रतीवर कुठल्या कंपनीसाठी आणि कुठल्या तारखेला दिली ते आडवं लिहावं. ओटीपी आणि यूपीआय पिन मात्र कुठल्याच नोकरीला लागत नाही. पैसे घ्यायला पिन टाकावाच लागत नाही.

परदेशी नोकरीचे मेसेजही आले. शेजारच्या एका मुलालाही तसाच आला होता, 'टुरिस्ट व्हिसावर या, परमिट इथे करू'. त्याच्या आईसोबत बसून परदेशी नोकऱ्यांसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांच्या यादीत नाव शोधलं. नव्हतं. अशाच आमिषाने म्यानमार-कंबोडियात नेलेल्या मुलांना तिथे डांबून लोकांना फसवण्याचं काम करायला लावलंय, हे त्या माउलीला सांगणं मला जड गेलं, पण सांगितलं.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात पटापट पळवली जाते. लवकर कळवलं तर ती वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. पैसे गेले नसतील आणि फक्त संशयित फोन आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या सोयीत नोंदवा. आपल्या नावावर किती सिम आहेत तेही तिथेच दिसतं. कागदपत्रं बाहेर गेली असतील तर ते आवर्जून पाहावं.

तोटे दोन. सिम जिवंत ठेवायला रिचार्ज करत राहावं लागतं. आणि नंबर बंद पडला तर काही काळाने तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, म्हणून त्याला महत्त्वाचं काहीही जोडायचं नाही.

आता अंधेरीत नोकरी लागली आहे. आधारशी जोडलेला मूळ नंबर रुजू झाल्यावर पीएफच्या कामासाठी दिला. पोर्टलवरचं प्रोफाइल लपवलंय, पण सिम अजून चालू ठेवलंय, कारण जुन्या सीव्हीवरून अजूनही फोन येतात.