पाळणाघर, घरी येणाऱ्या ताई, आजी-आजोबा की नोकरीतून थांबणं? बाळाच्या सांभाळाचा खर्च शेजारी शेजारी मांडून

प्रसूतीची रजा संपत आली की बहुतेक घरांत एकच वजाबाकी सुरू होते. आईच्या पगारातून पाळणाघराची फी वजा केली की हातात किती उरतं? उरलेला आकडा लहान दिसला की कुणीतरी म्हणतं, "एवढ्यासाठी कशाला ओढाताण? घरीच राहा." ही वजाबाकीच चुकीची मांडलेली आहे, असं मला ठामपणे वाटतं. मूल दोघांचं आहे, तेव्हा फीसुद्धा दोघांच्या एकत्र उत्पन्नातून वजा व्हायला हवी. शिवाय एका महिन्याचा आकडा काहीच सांगत नाही, निदान पाच-सात वर्षं पुढचं मांडावं लागतं. पुढची तुलना मी याच दोन अटींवर करते आहे.

फी इतकी का असते

कारण तान्ह्या बाळांना माणसं लागतात, आणि तिथे यंत्र उपयोगाचं नाही. इंग्लंडमधल्या नियमानुसार दोन वर्षांखालच्या दर 3 मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती हवी, दोन वर्षांच्या मुलांत दर 5 मागे एक, आणि तीन वर्षांपुढे साधारण दर 8 मागे एक. आता आई-बाबांची आठ तासांची नोकरी आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला तर बाळ दहा तास पाळणाघरात असतं. सांभाळणाऱ्यांची पाळी मात्र आठ तासांची. म्हणजे तीन बाळांमागे सव्वा माणसाचा पगार द्यावा लागतो, आणि प्रत्येक घराच्या वाट्याला एका पगाराचा 40 टक्क्यांहून जास्त हिस्सा येतो. जागेचं भाडं, जेवणखाण, रजेवरच्या माणसाची बदली हे सगळं त्यावर. तोच सव्वा पगार आठ मुलांत वाटला की हिस्सा 16 टक्क्यांच्या आसपास येतो.

या साध्या गणितातून दोन गोष्टी निघतात. पहिली, एखादं पाळणाघर आजूबाजूच्या मानाने फारच स्वस्त असेल तर "एका ताईंकडे किती बाळं?" हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. दुसरी, सगळ्यात महाग काळ पहिल्या तीन वर्षांचा असतो. तो जड असतो, पण संपतो. नोकरी सोडण्यासारखा लांबचा निर्णय या आखूड काळाच्या आकड्यावर घेतला जातो, तिथे मोठं नुकसान होतं.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. पालकांना फी परवडत नाही आणि त्याच वेळी तिथे राबणाऱ्या बायकांना पगारही तुटपुंजाच मिळतो. यात कुणी लबाडी करतं असं नाही. ही दरी घराघरांतल्या काटकसरीने बुजत नाही, तिथे सार्वजनिक पैसाच लागतो. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने 1997 मध्ये सगळ्यांसाठी कमी, ठरावीक फी सुरू केली. स्वीडनने 2002 मध्ये फीला कमाल मर्यादा घातली. जर्मनीने 2013 पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क दिला. अमेरिकेत 1971 मध्ये संसदेने बालसंगोपनाचा देशव्यापी कायदा मंजूर केला होता, पण अध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. तेव्हा कुठलाही पर्याय निवडण्याआधी सरकारकडून, नगरपालिकेकडून आणि दोघांच्याही कंपन्यांकडून काय मिळू शकतं ते विचारून घ्या. वडिलांच्या कंपनीत विचारायचं बऱ्याचदा राहूनच जातं.

पाळणाघर आणि घरी येणाऱ्या ताई

या दोघांची तुलना बहुतेक जण फक्त पैशांवर करतात. माझ्या मते खरा फरक व्यवस्था कधी आणि कशी बंद पडते, यात आहे.

पाळणाघरात एक ताई रजेवर गेल्या तरी दुसऱ्या असतात. पाहणारे डोळे अनेक असतात, त्यामुळे हयगय लपून राहणं अवघड. मात्र बाळाला ताप आला की तिथे घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पहिल्या वर्षात मुलं एकमेकांकडून सर्दी-खोकला, जुलाब, डोळे येणं असं बरंच काही घरी आणतात. तेवढ्या दिवसांच्या रजा कुणी घ्यायच्या हे आधी ठरलं नसेल तर त्या आपोआप आईच्याच खात्यातून जातात. शिवाय न गेलेल्या दिवसांची फीही सहसा भरावी लागते. म्हणून महिन्याच्या फीचा आकडा घेऊन थांबू नका. वर्षात पाळणाघर किती दिवस बंद असतं, न्यायला उशीर झाला तर किती आकारतात, आणि मूल मोठ्या गटात गेल्यावर फी कमी होते का, हेही विचारा.

घरी येणाऱ्या ताईंचं नेमकं उलटं. बाळ आजारी असलं तरी त्या येतात, सकाळची पळापळ वाचते, बाळाची झोप मोडत नाही. पण ताई आजारी पडल्या किंवा काम सोडून गेल्या की त्या दिवशी सगळंच थांबतं. आणि एका बाळासाठी अख्खा पगार एकाच घराने द्यायचा असल्याने हा पर्याय महाग पडतो. दोन लहान मुलं असतील तर मात्र चित्र पालटतं, कारण पाळणाघराची फी मुलागणिक वाढते आणि ताईंचा पगार तितका वाढत नाही. दुसऱ्या बाळानंतर हा हिशेब नव्याने मांडायलाच हवा.

इथे पैसे वाचवायचा मोह ताईंच्या पगारात होतो. तो टाळा, आधी न्यायासाठी आणि मग स्वतःच्या सोयीसाठीही. दहा तास राबणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा आणि दरवर्षी वाढ मिळायला हवी, आणि ती लिहून ठेवलेली हवी. कमी पगारावर ठेवलेल्या ताई चांगलं काम मिळताच जातात, आणि त्यांनी जावंच. पण मग बाळाला पुन्हा नव्या माणसाची सवय करावी लागते आणि तुम्हाला पुन्हा रजा काढावी लागते.

खर्च विभागायचा असेल तर दोन घरांनी मिळून एकच ताई ठेवणं हा चांगला मार्ग आहे. दोन बाळं सांभाळायची म्हणजे पगार वाढवून द्यायचा, तरी प्रत्येक घराला एकट्याने ताई ठेवण्यापेक्षा बराच कमी पडतो. एका बाळाला ताप आला तर दुसऱ्याने काय करायचं आणि एका घराने मध्येच माघार घेतली तर किती दिवस आधी सांगायचं, या दोन गोष्टी सुरुवातीलाच बोलून घ्या. मैत्री या दोन मुद्द्यांवरच तुटते.

पाळणाघर पाहायला गेलात तर भिंतींवरच्या चित्रांपेक्षा माणसांकडे बघा. सांभाळणाऱ्या किती वर्षांपासून तिथे आहेत? न सांगता आलेल्या पालकांना आत येऊ देतात का? तान्ह्या बाळांना सपाट गादीवर, पाठीवर झोपवतात का? बाळाला न्यायला कोण येऊ शकतं याची नोंद आहे का? उत्तरं देताना समोरची व्यक्ती अस्वस्थ होत असेल, तर तेच तुमचं उत्तर समजा.

आजी-आजोबा

हा पर्याय फुकट म्हणून मोजला जातो, आणि ते मला पटत नाही. एक वर्षाचं मूल नऊ-दहा किलोंचं असतं. ते दिवसभर उचलायचं, त्याच्यामागे धावायचं, तेही गुडघे आणि रक्तदाब सांभाळत. आजीची स्वतःची नोकरी, मैत्रिणी, फिरणं, दुपारची झोप हे सगळं त्या "फुकट" या शब्दाखाली गाडलं जातं. म्हणून विचारताना त्यांना मोकळेपणाने नाही म्हणता येईल असं विचारा. आठवड्याचे पाच दिवस मागण्यापेक्षा दोन दिवस मागा. घरकामाला मदतनीस ठेवून द्या आणि त्यांच्या प्रवासाचा, औषधांचा खर्च तुमच्या हिशेबात धरा. एवढं करूनही हा पर्याय सहसा सगळ्यात स्वस्त राहतो, आणि मायेने सांभाळणारं माणूस जवळ असतं ते वेगळंच.

मतभेद होतील ते बहुधा दोन बाबतींत. बाळाला पाठीवरच झोपवावं हा सल्ला 1990च्या दशकात रुजला, त्यामुळे आजीला तिच्या काळी कदाचित वेगळंच शिकवलं गेलं असेल. आणि एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2019 पासूनचं मार्गदर्शन आहे. हे "तुम्ही चुकता" अशा सुरात सांगू नका. डॉक्टरांकडे जाताना आजींना सोबत न्या आणि त्यांच्यासमोरच विचारा.

एकाने नोकरीतून थांबणं

समजा एकाचा वर्षाचा पगार 100 आहे आणि फी 70. नोकरी चालू ठेवली तर वर्षाला 30 उरतात, तीन वर्षांत 90. म्हणजे थांबलं तर 90 गेले, आणि त्या बदल्यात धावपळ वाचली. कागदावर हे पटण्यासारखं दिसतं. पण तीन वर्षांनी परतताना, चालू राहिलं असतं तर मिळाला असता त्यापेक्षा पाचव्या हिश्शाने कमी पगार मिळाला, तर दरवर्षी निदान 20 जातात. पाच वर्षांत त्याचे 100 होतात, सुरुवातीच्या तोट्याहून जास्त. आणि नोकरीची तेवढीच नाही, आणखी वीस-पंचवीस वर्षं उरलेली असतात. निवृत्तीसाठी जमा होणारी रक्कम, बढतीची संधी, हातातून निसटलेलं कौशल्य यांचा आकडा यात धरलेलाही नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. स्त्री-पुरुषांच्या कमाईतला बराचसा फरक आता पहिल्या मुलाच्या जन्मापासून पडतो, हे त्यांच्या संशोधनातून स्पष्ट झालं आहे.

ज्यांना मुलासोबत घरी राहायचंच आहे, त्यांची ही इच्छा पुरेसं कारण आहे. तिला पैशांच्या हिशेबाचा आधार द्यायची गरज नाही. फक्त तसं ठरलं तर थांबणाऱ्याच्या नावावर दरमहा बचत आणि निवृत्तीची रक्कम जोडीदाराच्या पगारातून जायला हवी. व्यवसायाचा परवाना किंवा नोंदणी चालू ठेवावी. आणि राजीनाम्याआधी बिनपगारी रजा, कमी तास, घरून काम हे सगळं विचारून पाहावं. "कोण थांबणार?" हा प्रश्न दोघांनाही विचारला गेला पाहिजे.

अर्धवेळ कामात एक धोका आहे. पगार निम्मा होतो, काम मात्र पाऊण राहतं, आणि पाळणाघर अर्ध्या दिवसाला निम्मी फी घेईलच असं नाही. दोघांनी आलटून पालटून पाळ्या करणं फीच्या दृष्टीने उत्तम, पण झोप आणि एकमेकांचा सहवास त्यात जातो. काही महिने ठीक, वर्षानुवर्षं नको.

मग निवड कशी करायची

एकच बाळ असेल आणि दोघांच्या नोकऱ्या ठरावीक वेळेच्या असतील, तर मी चांगलं पाळणाघर आणि जमल्यास दोन दिवस आजी-आजोबा अशी सांगड सुचवेन. दोन लहानगी असतील तर ताईंचा हिशेब आधी मांडा. एकट्याने मूल वाढवणाऱ्या पालकाने मात्र एकाच व्यक्तीवर विसंबून राहू नये, कारण ती व्यवस्था कोसळली की घरातला एकमेव पगार धोक्यात येतो. तिथे पाळणाघर आधी, आणि सोबत एक ठरलेलं राखीव माणूस.

मन खात असेल तर हे लक्षात असू द्या. अमेरिकेत 1991 मध्ये 1,300हून जास्त मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. सांभाळाचा दर्जा महत्त्वाचा असतो, पण मुलाच्या वाढीवर घरच्या वातावरणाचा आणि आई-बाबांशी असलेल्या नात्याचा प्रभाव त्याहून मोठा असतो, असं त्यात दिसलं. बाळ दिवसा दुसऱ्याकडे आहे म्हणून तुमची जागा कुणी घेत नाही.

पैशांची तयारी बाळ येण्याआधी सुरू करता आली तर फार बरं. अंदाजे फीएवढी रक्कम दरमहा वेगळी काढून बघा. ती काढून घर चालतं का ते कळतं आणि गाठीला काही जमतंही. तीन वर्षांपुरती इतर बचत कमी करावी लागली तर करा, पण फीसाठी क्रेडिट कार्डाची उधारी ओढू नका. पाळणाघरात भावंडांसाठी किंवा उत्पन्नानुसार सवलत आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

आणि व्यवस्था रजेच्या शेवटच्या दिवशी सुरू करू नका. दोन आठवडे आधी सुरुवात करा. पहिले दोन दिवस तासभर, तुम्ही जवळ असताना, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. त्याच काळात एक दुपार बाळाला राखीव माणसाकडेही ठेवून बघा, म्हणजे ताप आलेल्या सकाळी ते घर बाळाला अनोळखी वाटणार नाही.