शेपूट सरळ बसवायचे: टेप-ओळंबा, डिजिटल गेज की लेझर?

घरी बांधत असलेल्या छोट्या विमानाच्या फ्यूजलाजवर (धडावर) स्टॅबिलायझर (शेपटाचा आडवा पंख) आणि फिन (शेपटाचा उभा पंख) पहिल्यांदा नुसते ठेवून बघितले की विमान पूर्ण झाल्यासारखेच वाटते. पण सगळ्यात सावकाश करायचे काम तिथूनच सुरू होते. बोल्टचे भोक एकदा पूर्ण मापाला गेले की ते परत हलवता येत नाही. त्यामुळे ड्रिल हातात घेण्याआधी ठरवायचे ते हे, की सरळपणा कशाने तपासायचा. टेप, ओळंबा आणि पाण्याची लेव्हल ट्यूब, डिजिटल अँगल गेज किंवा लेझर लेव्हल. तिन्ही मी वापरली आहेत आणि माझे मत ठाम आहे: साधन किती महाग किंवा अचूक आहे यापेक्षा ते किती लांबीवर लावायचे आहे, हे आधी बघा.

चूक कुठे भोवते हे माहीत असले की निवड सोपी जाते. स्टॅबिलायझरचा इन्सिडन्स (बाजूने बघताना तो ज्या कोनात बसतो तो) चुकला तर क्रूझमध्ये, म्हणजे एकसारख्या सरळ उड्डाणात, एलिव्हेटर (स्टॅबिलायझरमागचा हलता भाग) त्याच्याशी एका रेषेत राहत नाही. तो कायम थोडा वर किंवा खाली धरून उडावे लागते आणि तो ड्रॅग (हवेचा विरोध) विमान आहे तोवर सोबत राहतो. फिनची दिशा चुकली तर विमान तिरके घसरतेय का हे दाखवणाऱ्या यंत्रातली गोळी मध्यावर ठेवायला सतत एका पायाने रडर (फिनमागचा हलता भाग) दाबावा लागतो. मागून बघताना स्टॅबिलायझर पंखाशी किंचित समांतर नसेल तर उडताना फारसे जाणवत नाही, डोळ्याला मात्र लगेच खटकते.

आता टेप. त्याला कमी लेखणारे बरेच भेटतात, म्हणून जरा हिशेबच मांडतो. समजा मध्यापासून स्टॅबिलायझरचे टोक १.२५ मीटरवर आहे आणि त्याच्यापुढे ४ मीटरवर, फायरवॉलच्या (इंजिनमागच्या आडभिंतीच्या) बरोबर मध्यावर, तुम्ही एक खूण केली आहे. त्या खुणेपासून दोन्ही टोकांपर्यंतचे कर्ण मोजायचे. स्टॅबिलायझर जरासा फिरला की एक टोक मागे जाते आणि दुसरे तेवढेच पुढे येते, त्यामुळे कर्णांतल्या फरकात चूक दुप्पट होऊन दिसते. ३ मिमी फरक आला तर कोनाची चूक जेमतेम ०.०७ अंश असते, आणि ३ मिमी कोणालाही वाचता येतात. शिवाय दोन्ही कर्ण एकाच टेपने मोजायचे असल्यामुळे टेप स्वतः थोडा खोटा असला तरी बिघडत नाही. फक्त टोकाच्या हुकवर भरवसा ठेवू नका, तो मुद्दाम सैल असतो. १०० मिमीच्या रेघेपासून मोजा आणि टेपला दोन्ही वेळी सारखाच ताण द्या.

यात एक फसगत आहे. स्टॅबिलायझर अजिबात न फिरता नुसता ३ मिमी बाजूला सरकलेला असेल, तरी वरच्या मापांत कर्णांमध्ये सुमारे १.८ मिमी फरक येतो. म्हणून आधी त्याचा मध्य फ्यूजलाजच्या मध्यरेषेवर आणून बसवा, मगच कर्ण मोजा. क्रम उलटा झाला तर एक चूक दुसरीने झाकली जाते आणि माप बरोबर असूनही शेपूट वाकडे राहते.

मागून बघताना स्टॅबिलायझर आडवा आहे का, हे लेव्हल ट्यूबने बघावे. दोन टोकांतल्या २.५ मीटर अंतरात पाण्याची १ मिमीची चूक म्हणजे ०.०२ अंशांहून थोडी जास्त. गवंडीकामातली ही साधी नळी इथे बहुतेक डिजिटल यंत्रांना मागे टाकते. पण बुडबुड्यांवर लक्ष ठेवा. नळीच्या उभ्या भागात तिची पूर्ण रुंदी अडवून बसलेला ६ मिमीचा बुडबुडा पातळी जवळपास ६ मिमीने खोटी दाखवतो. अशाच एका बुडबुड्यापायी मी एक अख्खी दुपार स्टॅबिलायझरखाली शिम (पातळ चकत्या) सरकवत घालवली होती. नळी उजेडात धरली तेव्हा तो दिसला. पाणी सायफनने हळूहळू भरा, त्यात साबणाचा एक थेंब टाका म्हणजे पाणी नळीच्या कडेला चिकटत नाही, आणि वाचताना दोन्ही तोंडे उघडी ठेवा.

आडवा म्हणजे कशाशी आडवा, हेही ठरवून घ्या. स्टॅबिलायझर पंखाशी समांतर हवा, जमिनीशी नव्हे. बांधताना फ्यूजलाजला थोडा पीळ बसलेला असू शकतो. अशा वेळी मागच्या लाँजेरॉनवर (फ्यूजलाजच्या लांबीभर जाणाऱ्या दांड्यावर) पाणसळ ठेवून शेपूट लावले तर ते त्या पिळाला धरून बसते. पंख लावलेले नसतील तर पंखाच्या स्पारच्या (आतल्या मुख्य तुळईच्या) बोल्टची डावी-उजवी भोके एका पातळीत आणा आणि तिथून मोजा.

डिजिटल गेजची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. बाजारातल्या साध्या गेजची चूक ०.१ अंशाच्या आसपास धरा. २.५ मीटरच्या स्पॅनवर (टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीवर) तेवढी चूक म्हणजे दोन टोकांत ४ मिमीहून जास्त फरक, त्यामुळे स्पॅनसाठी मी गेज लावत नाही. पण इन्सिडन्स कॉर्डवर (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीवर) मोजतात, आणि कॉर्ड ६० सेंटिमीटर असेल तर ०.१ अंश म्हणजे १ मिमीच. एवढ्या लांबीवर ट्यूब किंवा टेपही याहून फार चांगले माप देत नाही, आणि गेज ते दहा सेकंदांत देतो. लाँजेरॉनवर शून्य करून घेतला की विमान पुढे-मागे थोडे कललेले असले तरी चालते. शून्य करण्याआधी गेज एकदा उलट दिशेने फिरवून ठेवा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर त्याला आधी कॅलिब्रेट करा.

गेज थेट पत्र्यावर ठेवून मात्र चालणार नाही, तो वक्र असतो. पुढच्या आणि मागच्या स्पारवर लाकडी ठोकळे ठेवून वर सरळ पट्टी टाकायची. सिमेट्रिक (वर-खाली सारख्या फुगीर) सेक्शनची जाडी पुढच्या स्पारवर ७० मिमी आणि मागच्यावर ४० मिमी असेल, तर मागचा ठोकळा १५ मिमीने उंच हवा. मग पट्टी कॉर्डला समांतर होते. हे माप डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना घ्या. दोन्हीकडे वेगळे आकडे आले तर पीळ स्टॅबिलायझरमध्येच आहे, आणि शिमने तो जाणार नाही. पुढे एलिव्हेटर आणि रडरचा ट्रॅव्हल (किती अंशांनी हलतात ते) मोजायलाही हाच गेज लागतो, म्हणून त्यावरचा खर्च वाया जात नाही.

लेझर दिसायला सगळ्यात देखणा. उभी रेघ फायरवॉलच्या मध्यापासून फिनच्या टोकापर्यंत एकदम पडते आणि काय वाकडे आहे ते क्षणात समजते. दाखवायला तो उत्तम आहे, मोजायला तेवढा नाही. स्वस्त लेझरची चूक १० मीटरला ३ मिमीच्या घरात असते, आणि रेघ स्वतःच दोनेक मिलिमीटर जाड पडते. भर उजेडात ती दिसतही नाही. कोणाकडून मिळत असेल तर जरूर आणा, फक्त या कामासाठी विकत घेऊ नका. आणि नकाशा आधी वाचा: काही डिझाइनमध्ये प्रोपेलरच्या फिरत्या झोताला तोंड द्यायला फिनची पुढची कड मुद्दाम मध्यरेषेपासून थोडी बाजूला ठेवलेली असते. लेझरच्या रेघेवर आणून तिला सरळ केले तर तुम्ही बरोबर गोष्ट बिघडवाल. फिन उभा आहे का हे बघायला त्याच्या वरच्या टोकापासून स्टॅबिलायझरच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर टेपने मोजले तरी पुरते.

तयार भोके असलेला किट असेल तर शेपटाची जागा बरीचशी ठरलेलीच असते. तिथे कर्णांसाठी टेप आणि इन्सिडन्ससाठी गेज, एवढ्यावर तपासणी होते. लाकडातून किंवा नकाशावरून सगळे स्वतः कापून बांधत असाल तर लेव्हल ट्यूब आणि ओळंबा हवेतच. ओळंबा झुलत राहिला तर त्याचे वजन पाण्याच्या बादलीत बुडवा, तो शांत होतो.

कोणतेही साधन घेतलेत तरी मापे सकाळी लवकर, सावलीत घ्या. फ्यूजलाजची एक बाजू उन्हाने दुसरीपेक्षा १० अंशांनी जास्त तापली तर ४ मीटर अ‍ॅल्युमिनियम जवळपास ०.९ मिमीने लांबते, आणि त्यामुळे फ्यूजलाज वाकतो.

मग क्लॅम्प लावा आणि भोकाचा मध्य कडेपासून बोल्टच्या व्यासाच्या दुपटीएवढा आत येतो का ते बघा, ४.८ मिमीच्या बोल्टला साधारण ९.५ मिमी. पहिले भोक ३ मिमीचेच पाडा, क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणारी पिन) घाला आणि पुन्हा सगळे मोजा. दुसरे भोकही ३ मिमीचे, आणि पुन्हा कर्ण. ड्रिलच्या धक्क्याने क्लॅम्प अर्धा मिलिमीटर सरकलेला सापडला तर अजून वेळ गेलेली नसते: पूर्ण मापाला रीम करायला (भोक मोठे करायला) दीड मिलिमीटरहून जास्त धातू बाकी असतो आणि तेवढ्यात ती चूक काढून टाकता येते.