सी फॉर्म की भाडेकरू पडताळणी?

गोव्यात बेकायदा राहणारा परदेशी शोधायला यांतले काय कामाचे? गोव्याला आंतरराष्ट्रीय जमीनसीमाच नाही. पत्रादेवी-पोळ्याच्या राज्यसीमेवरच्या नाक्यावर व्हिसा कोण बघतो? मुदत उलटलेला परदेशी सापडला तर हरमल-हणजुणातल्या भाड्याच्या खोलीत.

सी फॉर्म म्हणजे परदेशी पाहुण्याची नोंद. तो घरमालकाने पाहुणा आल्यापासून 24 तासांत ऑनलाइन भरायचा: पासपोर्ट, व्हिसा क्रमांक, भारतात आल्याची तारीख. घोळ होतो तो मुदतीत. ई-व्हिसा वर्षभराचा असला तरी सलग मुक्कामाची मर्यादा त्याहून कमी असू शकते. म्हणून नुसता व्हिसा नको, विमानतळावरचा शिक्का बघून दिवस मोजा.

भाडेकरू पडताळणी, म्हणजे पोलिसांकडून भाडेकरूची ओळख तपासणे, संथ. मूळ गावच्या ठाण्याकडून खातरजमा व्हावी लागते. आधार हा नागरिकत्वाचा पुरावाही नव्हे. पण बनावट कागदांवर भारतीय म्हणून राहणाऱ्याचा सी फॉर्म भरलाच जात नाही, तिथे हीच कामाची.