समुद्राचं पाणी की घरी कालवलेलं मीठ?

घरात 40 लिटरची प्रवाळ-टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांचं मत्स्यालय, मांडायची, तर मुंबईत पहिला प्रश्न पाण्याचा.

किनाऱ्यावरून कॅन भरून आणणं फुकट पडतं. पण किनाऱ्यालगत गाळ आणि सांडपाणी, शिवाय पावसाळ्यात नद्या-खाड्यांमुळे क्षारता खाली येते. मोठ्या टाकीत हे खपून जाईल, एवढ्याशा टाकीत नाही.

रीफ सॉल्ट, म्हणजे अशा टाकीसाठी पाण्यात कालवायचं तयार समुद्री मीठ, महाग, तरी माझा कौल त्यालाच. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम. आठवड्याला 4 लिटर बदलायचे तर जेमतेम दीडशे ग्रॅम लागतं. मीठ कालवायच्या पाण्यासाठी घरच्या आरओवर मात्र विसंबू नका. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळतात, म्हणून ते डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांतून) काढून टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्यावर आणा. मीठ घालून मी बादलीत छोटा पंप रात्रभर फिरवते. सकाळी पाणी नितळ झालेलं असतं. क्षारता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरमधली निळ्या-पांढऱ्याची रेघ 35 वर टेकली की मगच ते टाकीत. थोड्या वेळाने मिटलेले झोआन्थिड (फुलांसारखे दिसणारे, प्रवाळांच्या नात्यातले जीव) एकेक करून उमलतात, तेव्हा जागचं हलवत नाही.

आणि हो, रोज आटणाऱ्या पाण्याची भर साध्या शून्य टीडीएसच्या पाण्यानेच घाला. मीठ वाफेबरोबर उडत नाही.