‘फॉलआउट’: ज्या नायकाला वाचा नव्हती

व्हिडिओ गेममधला नायक मुका असला तरी बिघडत नाही, कारण त्याचे बोलणे खेळणाऱ्याच्या मनात चाललेले असते. मालिका पाहणाऱ्याच्या हाती मात्र रिमोटखेरीज काही नसते आणि तासभर गप्प राहणारा नायक त्याला गूढ वाटण्याऐवजी निव्वळ ठोकळा वाटू लागतो. प्राइम व्हिडिओवर एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या, त्याच नावाच्या गेमवर बेतलेल्या ‘फॉलआउट’ या मालिकेच्या आठ भागांच्या पहिल्या पर्वाने या अडचणीतून काढलेली वाट मला फार आवडली.

मूळ गेमनेही हा प्रश्न हाताळून पाहिला होता. ‘फॉलआउट ३’मध्ये (२००८) नायकाची उत्तरे पडद्यावर नुसती लिहून येत, ‘फॉलआउट ४’ने (२०१५) त्याला आवाज दिला, पण त्यापायी उत्तरांचे पर्याय एका वेळी चारांवर आले, आणि जुने खेळाडू कुरकुरले ते उगाच नव्हे. मालिकेने गेममधला एकही नायक उचलला नाही. जग तेच, अणुयुद्धाला २१९ वर्षे उलटून गेलेले, माणसे मात्र नवी. आणि खेळाडूच्या वागण्याच्या तऱ्हा तिने या माणसांत वाटून टाकल्या.

ल्यूसी ही नवखी खेळाडू. ‘व्हॉल्ट ३३’ या भूमिगत निवाऱ्यामध्ये ती लग्नासाठी अर्ज करताना मंडळासमोर आपली कौशल्ये मोजून दाखवते, तेव्हा गेमच्या सुरुवातीला पात्र घडवणारा पडदाच बोलू लागल्यासारखे वाटते. पुढे एका मरणासन्न शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याचे मुंडके कापून ते पिशवीतून वाहून नेण्याची वेळ तिच्यावर येते. गेममध्ये अशी वस्तू आपण एक बटण दाबून सामानात टाकली असती; इथे ल्यूसी झालेल्या एला पर्नेलच्या चेहऱ्यावर किळस, शिष्टाचार आणि निश्चय एकापाठोपाठ एक उमटत जातात, आणि मुक्या नायकाने एरवी आपल्यावर सोपवलेले काम ती एकटी करून दाखवते. वॉल्टन गॉगिन्सचा ‘घूल’, म्हणजे किरणोत्साराने विद्रूप झालेला माणूस, हा मुरलेला खेळाडू: आधी गोळी, मग संवाद, तोही मोजकाच.

तुलनेसाठी २०२२ ची, अशीच गेमवरून काढलेली ‘हेलो’ ही मालिका घ्या. तिचा नायक मास्टर चीफ मुका नव्हे, मितभाषी. पण गेमने वर्षानुवर्षे झाकून ठेवलेला त्याचा चेहरा मालिकेने पहिल्याच भागात उघडा केला. ‘फॉलआउट’ला असे काही उघडे करण्याची गरजच पडली नाही.

शेवटच्या भागात खुलाशांची घाई झाली आहे, ती खपून जाते. चिलखतधारी सैनिकी पंथातल्या तरुण मॅक्सिमसचे मात्र जमलेले नाही. अ‍ॅरन मोटनने त्याला बावरलेपण छान दिले आहे, पण त्याला नेमके काय हवे आहे हे भागागणिक बदलत राहते. अवजड चिलखत चढवून तो शिरस्त्राणाआडून बोलतो तेव्हा तर त्याच्या मनात काय चालले आहे, ते मलाच कल्पनेने भरून घ्यावे लागले, आणि माझ्या हातात कंट्रोलर नव्हता.