जर्मनीत एकच सामना बघायचा, तर कुठल्या स्टेडियमवर?

बुंडेसलिगाचा, म्हणजे जर्मनीच्या फुटबॉल लीगचा, सामना ठरवताना बहुतेक जण क्लबच्या नावापासून सुरुवात करतात. सुरुवात तिकिटापासून करावी. ते मिळण्याजोगं आहे का, बसायचं आहे की उभ्याचं, आणि सोबत कोण आहे, एवढं ठरलं की अर्धी नावं आपोआप गळतात.

पहिलं नाव अर्थातच डॉर्टमुंडचं. ८१,३६५ प्रेक्षक मावणारं हे देशातलं सर्वांत मोठं स्टेडियम, आणि त्यातले २४,४५४ एकट्या दक्षिण स्टँडमध्ये, तेही उभे. 'पिवळी भिंत' ती हीच. टीव्हीवर ती डोळ्यांत भरते, कारण कॅमेरा बाहेर असतो. आत, विशेषतः खालच्या पायऱ्यांवर, पुढच्याची पाठ आणि हलते झेंडे दिसतात. उंची बेताची असेल तर गोल झाल्याचं आरडाओरड्यावरूनच कळायचं. म्हणून पहिल्या खेपेला पूर्व किंवा पश्चिम बाजूची खुर्ची घ्या. भिंत थोडी लांबूनच बघायची गोष्ट आहे. अडचण तिकिटांची. पन्नास हजारांहून जास्त जागा सीझन तिकीटवाल्यांच्या आणि उरलेल्यांवर पहिला हक्क क्लबच्या सदस्यांचा. मात्र तिकिटातच आसपासचा लोकल प्रवास धरलेला असतो, त्यामुळे वेगळं तिकीट काढू नका.

म्युनिकचं आलियान्झ अरेना २००५चं, ७५ हजारांचं. फक्त खेळ बघायचा असेल तर याला तोड नाही. धावण्याचा ट्रॅक नाही, तिन्ही मजले तीव्र चढाचे, त्यामुळे सर्वांत वरच्या रांगेतूनही मैदान पटासारखं उलगडलेलं दिसतं आणि कोण कुठे सरकतोय ते कळतं. घोषणा दक्षिण टोकाकडून येतात, बाकीचं स्टेडियम बऱ्यापैकी शांत. त्यावरून नाकं मुरडणारे आहेत, पण लहान मुलं बरोबर असतील तर हाच फायदा. यू ६ या मेट्रोने फ्रोट्मानिंगला उतरायचं, पुढे दहा-पंधरा मिनिटं उघड्यावरून चालत. डिसेंबरमध्ये तिथला वारा हाडात शिरतो, कानटोपी विसरू नका. शिट्टी वाजल्याबरोबर स्टेशनकडे धावलात तर गर्दीतच अडकाल. अर्धा तास आत रेंगाळलेलं बरं. तिकिटांची टंचाई इथेही तशीच, प्रतिस्पर्धी दुबळा असला तरी.

बर्लिनमध्ये एकाच शहरात दोन टोकं आहेत. हर्था क्लबचं ऑलिंपिक स्टेडियम ७४,४७५ जागांचं. हर्था २०२३मध्ये दुसऱ्या विभागात घसरला, तेव्हापासून सदस्य नसलेल्यालाही इथे बहुधा जागा मिळते. आयत्या वेळी ठरवणाऱ्यासाठी हाच पर्याय. पण निळ्या ट्रॅकमुळे मैदान लांब पडतं. गोलामागची जागा स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, समोरच्या टोकाला काय चाललंय ते कळत नाही. मैदानाच्या लांब बाजूला, वरच्या मजल्यावर बसा. (१९३६च्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्येच आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती.)

दुसरा क्लब युनियन बर्लिन, त्याचं मैदान शहराच्या कोपेनिक भागातल्या झाडीला लागून आहे. २२,०१२ जागांपैकी खुर्च्या फक्त ३,६१७. २००८-०९मध्ये दोन हजारांहून जास्त चाहत्यांनी सुट्ट्या टाकून स्वतःच्या हातांनी ते नव्याने बांधलं. माझ्या मते देशातला सर्वांत अस्सल अनुभव इथेच, पण सदस्यांपलीकडे तिकीट क्वचितच पोचतं. शिवाय मध्यंतर धरून दोन तास उभं राहायची तयारी हवी. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी नाद सोडावा. २०२३मध्ये चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने युनियनने ऑलिंपिक स्टेडियमवर खेळले.

आणखी दोन नावं आपल्या नात्यातली. श्टुटगार्ट हे मुंबईचं भगिनी-शहर. तिथे लोकलने नेकारपार्कला उतरलं की स्टेडियम चालत गाठता येतं. पूर्वीचा ट्रॅक काढून मैदान प्रेक्षकांच्या जवळ आणलंय. पुण्याशी जुना स्नेह असलेल्या ब्रेमनमध्ये वेझर नदीकाठाने रमतगमत मैदानापर्यंत जाता येतं. ४२ हजारांचं, आटोपशीर. डॉर्टमुंड हुकलं तर मी ब्रेमन सुचवेन.

फसगत होते ती तारखेत. वेळापत्रक उन्हाळ्यातच लागतं, पण त्यात फक्त आठवडा पक्का असतो. सामना शुक्रवारी रात्री, शनिवारी की रविवारी, हे काही आठवडे आधी जाहीर होतं. त्याआधी परत न होणारं रेल्वे तिकीट काढलं की पैसे बुडालेच म्हणा. तिकीट क्लबच्या साइटवर किंवा क्लबच्याच अधिकृत फेरविक्रीतून घ्या. तिऱ्हाईत साइटवर तिप्पट पैसे मोजूनही गेटवर तिकीट बाद ठरू शकतं. 'श्टेप्लाट्झ' म्हणजे उभं राहायची जागा, साधारण १५ ते २० युरो. 'झिट्झप्लाट्झ' म्हणजे खुर्ची. 'गेस्टेब्लॉक' पाहुण्या संघाच्या चाहत्यांचा, तिथे चुकूनही घरच्या संघाचा मफलर घालून जाऊ नका. ए-४ कागदापेक्षा मोठी बॅग सहसा आत नेऊ देत नाहीत. पेयाच्या ग्लासाची अनामत रक्कम घेतात, रिकामा ग्लास परत दिला की ती मिळते. शाकाहारी माणसाने ब्रेत्झेल आणि फ्राइजवर भागवायची तयारी ठेवावी.

आईवडील भारतातून येणार म्हणून बेत आखत असाल तर एक अडचण आहे. थंडी नको म्हणून ते बहुधा जून-जुलैत येतात, आणि लीग मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत बंद असते. तेव्हा म्युनिक किंवा डॉर्टमुंडची स्टेडियम टूर आणि संग्रहालय बघता येईल. सामनाच दाखवायचा असेल तर त्यांचं विमानाचं तिकीट सप्टेंबरचं काढा.